खाडीपलीकडचे स्पेन

गेल्या सत्रात इतिहासाच्या तासाला स्पेन देशातील कॉर्डोवा व ग्रॅनाडा ह्या दोन नगरांचा पाठ चालला होता. अरबांनी बांधलेली विशाल मशीद, तिच्या ऐन मध्यभागी ख्रिस्ती राजांच्या अमदानीत उभारलेले कॅथीड्रल, टेकडीवरील अल्हांब्रा नावाचा तांबडा वाडा, त्यातील कारंजी व नारिंगाच्या बागा, असे वर्णन ऐकून मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, असले शहर पाहून येण्याइतके पैसे आमच्यापाशी कधी तरी होतील काय?” वर्ग हसला; मीही हसलो, व तास संपला. परंतु प्रश्न काही मनातून जाईना. सायंकाळी भाईंदरच्या धक्क्यावर उभा राहून खाडीच्या पलीकडील माडांची रांग पाहात असता त्याचे उत्तर मला सुचले. ते उत्तर ह्या लेखात देण्याचे योजिले आहे. त्या विद्यार्थ्याने स्पेनला अवश्य जावे. पण तोपर्यंत त्याने नायगाव व वसई एवढी दोन स्थानके ओलांडावी, म्हणजे त्याच पाठाचे उत्तरार्ध त्याला आपल्या मातीत वाचावयास मिळेल.

प्रथम ‘मूर’ म्हणजे कोण, हे ध्यानात घेतले पाहिजे. इ. स. 711 मध्ये उत्तर आफ्रिकेतून अरब व बर्बर सैन्य समुद्र ओलांडून स्पेनमध्ये उतरले आणि थोड्याच वर्षांत त्या द्वीपकल्पाचा बहुतेक भाग त्यांनी जिंकला. ह्या मुसलमान लोकांस तेथील ख्रिस्ती प्रजा ‘मूर’ म्हणू लागली. 756 मध्ये अब्दुल रहमान नावाच्या उमय्या वंशातील राजपुत्राने कॉर्डोवा येथे आपले राज्य स्थापिले, आणि पुढे तीसेक वर्षांनी तेथील सुप्रसिद्ध मशिदीच्या बांधकामास आरंभ केला. त्या जागी पूर्वी व्हिसिगॉथ लोकांचे चर्च होते असे सांगतात. मशिदीस जे खांब लाविले त्यांतील कित्येक जुन्या रोमन व ख्रिस्ती इमारतींतूनच आणिलेले होते. खांब आखूड पडले म्हणून कारागिरांनी त्यांवर कमानीवर कमान चढविली, आणि त्या अडचणीतूनच त्या वास्तूचे सर्वांत मोठे सौंदर्य निर्माण झाले. आज तेथे सुमारे साडेआठशे खांब उभे आहेत. 1236 मध्ये तिसऱ्या फर्डिनंड राजाने कॉर्डोवा घेतले, तेव्हा मशीद पाडली नाही. तिचे चर्च केले. मात्र 1523 मध्ये धर्माधिकाऱ्यांनी पाचव्या चार्ल्स बादशहाची अनुज्ञा मिळवून तिचा मधला भाग मोकळा केला व तेथे उंच कॅथीड्रल बांधावयास घेतले. खांबांच्या अरण्यातून चालता चालता पाहणारा अकस्मात निराळ्याच धर्माच्या व निराळ्याच शतकाच्या इमारतीत जाऊन पोहोचतो.

असे काही आपल्याकडे आहे काय? मुलांनो, तुम्ही त्याच्या अगदी शेजारी राहता. मीरा रोडहून दक्षिणेस दोन स्थानके गेले की बोरिवली लागते. तेथे मंडपेश्वराची लेणी आहेत. बाराशे वर्षांहून अधिक जुने हे शिवाचे स्थान. सोळाव्या शतकाच्या मध्यास, साष्टी बेट पोर्तुगीजांकडे असता, अन्तोनियो द पोर्तो नावाच्या फ्रान्सिस्कन पाद्र्याच्या पुढाकाराने ह्या लेण्याचे चर्च झाले व त्याच्या माथ्यावर मठ व विद्यालय बांधण्यात आले. त्या मठाचे भग्न अवशेष अद्याप डोक्यावर उभे आहेत. आतील काही शिल्पे तासून काढिली गेली, काही भिंतीआड झाकली गेली. एका भिंतीवर मूर्ती जेथे होती तेथे आज कोरलेला मोठा क्रूस दिसतो, आणि झाकल्यामुळेच की काय वाचलेला नटराज त्याच लेण्यात नृत्य करीत आहे. गाभाऱ्यात पुन्हा शिवाची पूजा चालते. कॉर्डोवाच्या मशिदीत जाऊन आलेल्या मनुष्यास जे वाटते तेच येथे उभे राहिले असता वाटते. मला स्वतःला प्रथम वाटला तो राग. पुष्कळ वेळ बसल्यावर तो राग ओसरला आणि केवळ त्या भिंतीकडे पाहात राहावेसे वाटले. त्या क्रुसाचे काम करणारा पाथरवटही बहुधा ह्याच मुलखातला असावा, हा विचार तेव्हा प्रथमच मनात आला.

आता खाडी ओलांडू. आगगाडीने जावयाचे तर वसई रोड स्थानकावर उतरून गावातून कोटापर्यंत वाहनाने जावे. भाईंदरहून वसईच्या किल्ल्याकडे वाहनांसह माणसे नेणारी मोठी फेरीबोटही 2024 साली सुरू झाली आहे. शक्य असेल त्याने पाण्यावरूनच जावे, असे मी म्हणेन. कारण वसईचा कोट हा मुळी पाण्यावरून येणाऱ्या माणसासाठी बांधलेला आहे. रस्त्याने येणारास त्याची पाठ दिसते.

सोळाव्या शतकाच्या आरंभी वसई गुजराथच्या सुलतानाकडे होती. त्याचा सुभेदार मलिक तुघान ह्याने येथे तटबंदी केली होती. दिल्लीचा हुमायून गुजराथेवर चालून येण्याची भीती उभी राहिली तेव्हा सुलतान बहादूरशहा याने पोर्तुगीजांचे साहाय्य मिळावे म्हणून डिसेंबर 1534 च्या तहान्वये वसई व तिच्या आसपासचा मुलूख त्यांचा गव्हर्नर नुनो द कुन्या ह्याच्या स्वाधीन केला. तीनच वर्षांनी, 1537 मध्ये, दीवच्या समुद्रात पोर्तुगीजांशीच झालेल्या झटापटीत हा सुलतान प्राणास मुकला. साहाय्याचा सौदा त्यास असा महाग पडला.

वसईस आलेले पोर्तुगीज हे स्पेनच्या त्याच दीर्घ युद्धाचे वारस होते. त्यांचे लिस्बन शहर 1147 पर्यंत मूरांचे होते. त्यांच्या देशाच्या दक्षिण टोकास आजही ‘अल्गार्व्ह’ म्हणतात, आणि ते नाव अरबी आहे. त्याचा अर्थ ‘पश्चिमेकडील मुलूख’. तो प्रांत त्यांनी 1249 मध्ये जिंकला. म्हणूनच ते हिंदुस्थानात आले तेव्हा जो जो मुसलमान भेटला त्यास त्यांनी ‘मूर’ हेच नाव दिले. गुजराथचा सुलतान मूर, विजापूरचा आदिलशहा मूर, मलबारचा व्यापारीही मूर. बिचाऱ्या गुजराथी सुलतानाचा मोरोक्कोशी काडीमात्र संबंध नव्हता! सिंहलद्वीपातील मुसलमानांस आजही ‘मूर’ म्हणतात, ते ह्यामुळेच. मनुष्य नव्या देशात गेला तरी जुने डोळे बरोबर नेतो, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण शोधण्यास फार लांब जावे लागेल.

आणि वसई केवळ पोर्तुगीजच होती असेही नव्हे. 1580 मध्ये पोर्तुगालची राजगादी स्पेनचा राजा दुसरा फिलिप ह्याच्याकडे गेली, व 1640 पर्यंत, म्हणजे साठ वर्षे, दोन्ही देशांवर एकाच राजाची सत्ता होती. कायदे, अधिकारी व भाषा पोर्तुगीजच राहिली; तथापि वसईचा धनी तेवढ्या काळापुरता माद्रिदला बसत होता. कोटातील मुख्य चर्चच्या, म्हणजे संत योसेफाच्या कॅथीड्रलच्या, दारावरील लेखात 1601 हे साल व आर्चबिशप आलेशो द मेनेझिश यांचे नाव आहे. त्या वर्षी वसईवर राज्य होते तिसऱ्या फिलिपचे. ह्याच राजाने पुढे 1609 पासून 1614 पर्यंत स्पेनमधील सुमारे तीन लक्ष मूरवंशीय लोकांस जहाजांत घालून देशाबाहेर काढिले. ते सर्व बाप्तिस्मा घेतलेले होते. कित्येकांच्या तर चार पिढ्या ख्रिस्ती म्हणून गेल्या होत्या. तरी त्यांचे रक्त मूरांचे, हा संशय गेला नाही. ह्या दाराखाली उभे राहून 1601 हा आकडा वाचताना ही गोष्ट आठवावी.

त्याच काळातला वसईचा एक पुत्र स्पॅनिश लोकांत जाऊन मिळाला. गोन्सालो गार्सिया याचा जन्म वसईस 1557 च्या सुमारास झाला. येथील जेझुइटांच्या शाळेत शिकून तो जपानला गेला व तेथील भाषा शिकला. नंतर व्यापारानिमित्त फिलिपाईन्स बेटांतील मनिला ह्या स्पॅनिश नगरात येऊन तेथे फ्रान्सिस्कन बंधू झाला. 1593 मध्ये मनिलाहून जपानास गेलेल्या स्पॅनिश धर्ममंडळात दुभाषी म्हणून त्याची योजना झाली, आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे पंचवीस जणांसह त्याला क्रुसावर मारण्यात आले. 1862 मध्ये रोमने त्यास संतपद दिले. वसईत त्याच्या नावाचे महाविद्यालय आहे, म्हणून नाव तुम्हांस परिचित असेल. परंतु तो मुलगा एके काळी ह्याच भग्न भिंतींमध्ये धडे पाठ करीत होता हे फारच थोड्यांच्या ध्यानात येते.

गुजराथी सुलतानांच्या अमदानीची एखादी ठळक इमारत आज कोटात डोळ्यांस दिसत नाही. मग ‘मूरांचा वारसा’ येथे शोधावयाचा तरी कोठे? माझे उत्तर असे की, तो आपल्या जिभेवर शोधावा. अल्हांब्राचा जो सर्वांत जुना, बुरुजांचा भाग आहे त्यास ‘अल्काझाबा’ म्हणतात. हा अरबी ‘अल-कसबा’. तोच शब्द फारशीच्या वाटेने आपल्याकडे येऊन ‘कसबा’ झाला. पुण्याची कसबा पेठ व ग्रॅनाडाचा अल्काझाबा ही एका आईची लेकरे होत. आपला ‘किल्ला’ मूळचा अरबी ‘कलअा’. स्पेनमध्ये ‘अल्काला’ नावाची गावे आहेत ती ह्याच शब्दावरून. पोर्तुगीज भाषेत खेड्यास ‘अल्देया’ म्हणतात. हाही शब्द मूरांनी मागे ठेविलेला. तेव्हा वसई प्रांताच्या पोर्तुगीज वसुली-कागदांत जेव्हा ‘अल्देया’ व ‘कसबा’ हे दोन शब्द जवळजवळ येतात, तेव्हा एकाच अरबी भाषेच्या दोन वाटा, एक स्पेनकडून फिरून आलेली व दुसरी इराणातून आलेली, आपल्या भातशेतीच्या बांधावर येऊन भेटलेल्या असतात. ‘लिलाव’ हा शब्द तर आपण पोर्तुगीजांपासून घेतला, व त्यांनी तो अरबांपासून घेतला होता. भाईंदरच्या मासळीबाजारात रोज पहाटे तो उच्चारला जातो. कॉर्डोवाच्या बाजाराचा प्रतिध्वनी आपण ऐकत आहो असे कोणाच्या मनातही येत नसेल.

देवाणघेवाण एकाच दिशेने झाली असे समजू नये. आपल्या संस्कृतातील ‘नारंग’ फारशी व अरबी मुखांतून जाऊन स्पेनमध्ये ‘नारांखा’ झाले; कॉर्डोवाच्या मशिदीपुढील प्रांगण नारिंगाच्या झाडांसाठीच प्रसिद्ध आहे. आपली ‘शर्करा’ तेथे ‘अथुकार’ झाली. आपले अंकही त्याच वाटेने गेले. अरब भूगोलवेत्ते आपल्या ग्रंथांत सोपाऱ्यास ‘सुबारा’ म्हणतात. कॉर्डोवा येथे शिकला असे ज्याविषयी सांगतात त्या अल-इद्रिसीने 1154 मध्ये सिसिलीच्या ख्रिस्ती राजासाठी जगाचे वर्णन लिहिले, त्यात ठाण्याचा व सुबाऱ्याचा उल्लेख आहे. म्हणजे पोर्तुगीज येण्यापूर्वी पावणेचारशे वर्षे स्पेनमधील विद्वानांच्या जगाच्या नकाशावर आपली ही खाडी होती. आपल्या नकाशावर मात्र स्पेन नव्हते.

आता कोटात फिरू. जेझुइटांच्या चर्चचे दर्शनी काम सर्वांत देखणे आहे, परंतु मी विद्यार्थ्यांस नेहमी प्रथम फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये नेतो. छप्पर केव्हाच गेले. जमिनीवर थडग्यांच्या फरश्या बसविलेल्या आहेत व त्यांवर पोर्तुगीज अक्षरे कोरली आहेत. आपण चालतो ती माणसांची नावे. कित्येक फरश्यांवर कुलचिन्हे आहेत. ह्या धनवान घराण्यांच्या हाती वसई प्रांतातील गावेच्या गावे होती. त्या गावांत राबणारी कुळे आपले पूर्वज होत. त्यांची नावे कोणत्याही फरशीवर नाहीत. पावसाळ्यानंतर फटींतून गवत उगवलेले असते, तेव्हा अक्षरे वाचावयास कष्ट पडतात. हिवाळ्याच्या शेवटी गेलेले चांगले.

एवढी श्रीमंती लोपली कशी? पोर्तुगीजांनी ह्या प्रांतात देवळे पाडली व हिंदूंच्या उघड धर्माचरणास बंदी घातली, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे व अंजूरचे गंगाजी नाईक ह्यांसारख्या स्थानिक मंडळींनी पेशव्यांकडे धाव घेतली ती ह्या जाचामुळेच. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे व साष्टी घेतली. आपल्या शहराच्या हद्दीतील घोडबंदरचा किल्लाही त्याच मोहिमेत पडला. 1739 च्या आरंभी चिमाजी अप्पांनी वसईस वेढा दिला. खाडीच्या दक्षिण मुखावरील धारावीचा किल्ला, उत्तन-डोंगरीच्या बाजूचा, हाती आल्याखेरीज वसईची समुद्राकडील रसद तुटेना. म्हणून तेथेही निकराची झुंज झाली. पुढे सेंट सेबास्तियन बुरुजाखाली सुरुंग उडाले, दोहीकडील हजारो माणसे पडली, आणि मे महिन्यात कोट शरण आला.

शरणागतीच्या अटी हा ह्या साऱ्या पाठाचा गाभा आहे असे मी समजतो. चिमाजी अप्पांनी पोर्तुगीज शिबंदीस शस्त्रे, निशाणे व वाद्ये ह्यांसह मानाने बाहेर पडू दिले. कुटुंबांस आपली चीजवस्त नेण्याची मोकळीक होती. जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांनी आपला धर्म पाळावा, व उपासनेसाठी तीन चर्चे त्यांच्याकडे ठेवावी, असेही ठरले. आता ह्याच्या शेजारी ग्रॅनाडा ठेवून पाहा. नोव्हेंबर 1491 च्या तहात फर्डिनंड व इझाबेला ह्यांनी मूरांस वचन दिले होते की, तुमच्या मशिदी, तुमचा धर्म, तुमचे काजी व तुमचा कायदा ह्यांस हात लागणार नाही. 2 जानेवारी 1492 रोजी शेवटच्या सुलतानाने किल्ल्या दिल्या. कागद मोठा उदार होता. वसईच्या तहाहूनही उदार. परंतु आठ वर्षांच्या आतच सक्तीचे बाप्तिस्मे सुरू झाले, अरबी ग्रंथ चौकात जाळले गेले, आणि 1502 मध्ये कास्तीलच्या मूरांपुढे धर्म सोडा की देश सोडा असा हुकूम आला. त्याचा शेवट तिसऱ्या फिलिपने कसा केला ते वर आलेच आहे.

मराठी अमदानीत वसईच्या ख्रिस्ती प्रजेस सर्व काही सुखाचे गेले असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. श्रीमंत घराणी गोव्याकडे गेली, कोटातील चर्चे एकामागून एक ओस पडली, पेशव्यांनी शहराचे नावदेखील बदलून बाजीपूर ठेविले. पण नाव टिकले नाही व माणसे टिकली. आज ग्रॅनाडात जाऊन अल्हांब्रा बांधणाऱ्यांचे वंशज शोधू म्हटले तर ते तेथे सापडावयाचे नाहीत. वसईत मात्र सकाळी कोटाबाहेर पडावे. वाडवळी व सामवेदी बोलणारे ख्रिस्ती लोक आपल्या वाड्यांत शिंपणे करीत असतात, शेजारच्या नागेश्वराच्या देवळात घंटा वाजत असते, आणि थोड्या अंतरावर रमेदी मातेच्या चर्चकडे म्हाताऱ्या बायका निघालेल्या असतात. ह्या चित्रात माझी भर काहीही नाही. ज्यास वाटेल त्याने स्वतः जाऊन पाहावे.

घंटेवरून आठवले. 997 मध्ये कॉर्डोवाचा सेनापती अल-मन्सूर ह्याने उत्तरेकडील सांतियागो हे ख्रिस्ती लोकांचे महाक्षेत्र लुटले व तेथील घंटा ख्रिस्ती बंद्यांच्या खांद्यांवर देऊन कॉर्डोवास आणिल्या. मशिदीत त्या उलट्या टांगून त्यांचे दिवे केले. 1236 मध्ये फर्डिनंडाने कॉर्डोवा घेताच त्याच घंटा मुसलमान बंद्यांच्या खांद्यांवर देऊन परत सांतियागोस पाठविल्या, असे इतिहासकार लिहितात. दोनशे एकूणचाळीस वर्षांनी फिटलेले हे उसने!

वसईच्या घंटाही गेल्या. पोर्तुगीज चर्चांवरील घंटा विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी देशावरील देवळांस वाहिल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील मोठ्या घंटेवर पोर्तुगीज अक्षरे व 1721 हे साल आहे. वाईजवळ मेणवलीस कृष्णेच्या घाटावर नाना फडणविसांच्या वाड्याखाली एक घंटा आहे. तिच्यावर 1707 हा आकडा, आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीमातेची आकृती आहे. ती कोणी घासून काढिली नाही. तिचा दिवाही केला नाही. शिवाच्या देवळापुढे ती घंटाच राहिली आहे. ती परत मागावी काय, असे मी एकदा वर्गात विचारले. उत्तनच्या एका मुलाने हो म्हटले, वाईकडून आलेल्या एकीने नाही म्हटले, व दोघांचीही कारणे ऐकण्यासारखी होती. तास संपेपर्यंत निकाल लागला नाही, व मी लावूही दिला नाही.

माघाच्या सुट्टीत नववीच्या वर्गास वसईस नेण्याचे ठरत आहे. येणाऱ्यांनी पाण्याची बाटली, वही व पेन्सिल आणावी. पायांत जाड वहाणा घालाव्या, कारण तटावर काटे फार आहेत. फ्रान्सिस्कन चर्चमधील एकेक फरशी प्रत्येकाने वाटून घ्यावी व तिच्यावरील अक्षरे, समजोत वा न समजोत, जशीच्या तशी उतरून आणावी. मागच्या बाकावरील तो विद्यार्थी पहिल्या रांगेत चालेल.